मिरग लागला म्हणता, मग मिरगाचे तारे कुठंयत?

मागच्या वर्षी ८ जूनला संध्याकाळी गावाकडं अंगणात बसलो होतो, लाईट गेलेली, आणि माय सहज बोलून गेली की मिरग लागला बरं का आज, आता आठ दिवसांत पडंल बघ. माझी पोरगी नुकतीच पाचवीत गेलेली, तिनं वर बघितलं आणि म्हणली, "आजी, मिरग म्हणजे तारेच ना? मग कुठंयत?" कारण थंडीत मायनंच तिला बाजेवर झोपून तिकांडं दाखवलेलं, ते ओळीतले तीन तारे, हरणाच्या पोटात घुसलेला बाण, त्यामुळं मिरग कसा दिसतो हे पोरीला पक्कं माहीत होतं. आणि वर तिकांडं नव्हतंच.

"आता नाई दिसत माय ते."

"कामून?"

माय गप. मी पण गप. मी बीएस्सी ॲग्री झालेला माणूस, परभणी जिल्ह्यात तालुक्याला कृषी सेवा केंद्र चालवतो, दर जूनला गिऱ्हाइकाला सांगतो की मिरग निघाला म्हणून घाई करू नका, ७५-१०० मिलिमीटर होऊ द्या मग पेरा. आणि मिरगाच्या महिन्यात मिरग दिसत का नाही हे मला चाळीस वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

तिथून आमच्या घरात हे सुरू झालं. लोक विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय, शाळेच्या विरोधात वगैरे काही नाही, लेकरं शाळेत जातातच. फक्त घरी विज्ञान कसं करायचं, पुस्तकातला धडा परत घोकून न घेता, एवढाच विषय.

आधी तो मिरगाचा उलगडा करू, कारण सगळी पद्धत त्यातच आहे.

पावसाची नक्षत्रं ही सूर्याची नक्षत्रं असतात. वर्षभरात सूर्य आकाशातल्या एका ठरलेल्या वाटेनं फिरताना दिसतो, त्या वाटेचे जुन्या लोकांनी २७ सारखे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला जवळच्या ताऱ्यांचं नाव दिलं. ३६५ ला २७ नं भागा, साडेतेरा येतात, म्हणूनच प्रत्येक नक्षत्र १३ नाहीतर १४ दिवस चालतं. (चंद्र तीच वाट साधारण २७ दिवसांत संपवतो, म्हणजे रोज एक नक्षत्र.) आता "मिरग लागला" याचा अर्थ सूर्य जाऊन मिरगाच्या तुकड्यात बसला. म्हणजे मिरगाचे तारे आहेत कुठं, तर सूर्याच्या मागं! दिवसा आपल्या डोक्यावरनं सूर्याबरोबरच जातात, उजेडात दिसत नाहीत, आणि सूर्य बुडाला की त्याच्यासोबतच बुडतात.

हे तोंडी सांगितलं असतं तर पोरीनं मान हलवली असती आणि विसरली असती. आम्ही काय केलं, खोलीच्या मधोमध टेबलावर बल्ब ठेवला, चार भिंतींवर चार कागद चिकटवले, एकावर मिरग, त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर विंचू, कारण आकाशात वृश्चिकाचे तारे मिरगाच्या जवळपास समोरासमोर येतात. बाकीच्या दोन भिंतींवर दुसरी नावं. मग पोरीला सांगितलं तू पृथ्वी, बल्बाभोवती चाल आणि मिरगाची भिंत बल्बाच्या मागं येईल तिथं थांब. थांबली. आता बल्बाकडं बघ, हा दिवस, मिरग उजेडामागं आहे. आता पाठ फिरव, ही रात्र, समोर काय दिसतं? "विंचू!" मग आम्ही बाहेर आलो, ढगांची एक फट सापडेपर्यंत थांबलो, आणि दक्षिणेकडं विंचवाचा आकडा खरंच होता. ती जी किंचाळली ना, ते कुठल्या चार्टमधून येत नाही. मग स्वतःच बल्बाभोवती अर्धा फेरा मारून म्हणली, म्हणजे डिसेंबरात रात्रभर मिरग. बरोबर.

धाकट्याचा प्रश्न वेगळाच, तो म्हणला पण फिरतो तर सूर्य ना, ताई कामून फिरायली? हे अवघड आहे हो, मोठ्यांनाही सांगता येत नाही नीट. तिथं मला साहित्य कामाला आलं. आपल्या पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर महाराज, त्यांच्या ज्ञानेश्वरीत चौथ्या अध्यायात ओवी आहे, नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडं वेगानं पळताना दिसतात, नीट बघितलं तर झाडं जागच्या जागी. त्याच्या जवळच पुढं आहे, "न चालतां सूर्याचें चालणें". १२९० साली पूर्ण झालेला ग्रंथ. आम्हाला नाव नव्हती, एसटी होती. पुढच्या रविवारी परभणीला जाताना खिडकीत बसवलं आणि विचारलं बाभळी कुठं पळायल्यात? मागं. बाभळी पळतात का? नाही, आपण पळतो. मग सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला पळताना दिसतो तर आपण कुणीकडं फिरत असू? तो दोन मिनिटं गप बसला आणि हातानं उलटं दाखवलं.

एक सांगून ठेवतो, इथं लई लोक घसरतात. ती ओवी कर्म करूनही अकर्ता कसं राहावं हे सांगायला आलेली आहे, खगोलशास्त्र शिकवायला नाही. "बघा आमच्याकडं सगळं आधीच लिहून ठेवलंय" असं लेकरापुढं म्हणू नका, त्यानं शोध थांबतो. ओवी आपल्याला एक चित्र देते, बास, ते चित्र घेऊन खिडकीत बसायचं.

आता ही आयडिया काही माझ्या डोक्यातली नाही. इंग्लंडात शार्लट मेसन म्हणून एक शिक्षिका होत्या (१८४२ ते १९२३), त्यांचं म्हणणं असं की लहान लेकरांनी भरपूर वेळ बाहेर काढावा, जे दिसलं त्याचं चित्र आणि दोन ओळी स्वतःच्या वहीत, आणि वाचायला कोरडी माहितीची पुस्तकं न देता जिवंत पुस्तकं द्यावी, म्हणजे ज्याला त्या विषयाचा लळा आहे अशा माणसानं लिहिलेली. वाचून झालं की प्रश्नोत्तरं नाहीत, लेकरानं आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्यांच्याकडं तिकडची फुलं-पाखरं होती, आपल्याकडं बाभूळ, काळी माती आणि माय. मी त्यात एकच भर घातली, तीही ठेच लागून कळलेली: वाचून झालं की परत रानात जायचं. आधी डोळा, मग पुस्तक, मग परत डोळा. तिसरी फेरी टाळली की ते नुसतं वाचन राहतं. आणि पुस्तक एक सांगतंय आणि डोळ्याला दुसरंच दिसतंय असं झालं, तर त्या दिवशी बाकी सगळी कामं सोडा.

मिरगाचा किडा घ्या. पहिल्या पावसानंतर बांधावर लाल मखमलीचे ठिपके चालत असतात, सगळ्यांनी बघितलेत. किडा म्हणलं की पुस्तकात सहा पाय. पोरांनी मोजले तर आठ. दोघं भांडली, परत मोजले, आठच. म्हणजे नाव किडा पण जात कोळ्याची, गोचिडाची. आणि गंमत अशी की ह्याची नुकती निघालेली पिल्लं सहा पायांची असतात, नाकतोड्यासारख्या किड्यांच्या अंगाला चिकटून जगतात, मोठं होता होता दोन पाय वाढतात. हे मी नंतर वाचून सांगितलं, पिल्लं काही आम्हाला अजून दिसली नाहीत.

ऑगस्टमध्ये सोयाबीन. ह्यात माझीच फजिती जास्त आहे. मी रायझोबियमची, म्हणजे सोयाबीन-तुरीच्या मुळावर गाठी करणाऱ्या जिवाणूची, पाकिटं वर्षानुवर्षं विकतो, बियाण्याला चोळा म्हणून सांगतो, पण मुळावरची गाठ नखानं फोडून मी कॉलेजनंतर कधी बघितलीच नव्हती. पेरून चाळीसेक दिवस झाले की एक झाड खुरप्यानं मातीसकट काढा, उपटू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात. बादलीत हलकं हलकं धुवा. मुळाला मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर कारखाना चालू आहे, पांढरी निघाली तर अजून चालू झालेला नाही किंवा बंद आहे, हिरवट-तपकिरी झाली तर म्हातारी झाली.

कारखाना कसला? हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, म्हणजे पीक नायट्रोजनमध्ये पोहतंय, पण ते त्याला खाता येत नाही कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकाला अशी घट्ट मिठी मारून बसलेले असतात की सोडवता सोडवत नाहीत. युरियाच्या कारखान्यात आधी अमोनिया करावा लागतो, त्यासाठी ही मिठी सोडवायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लावावा लागतो. तेच काम हा जिवाणू काळ्या मातीत, चिखलात, फुकट करतो, बदल्यात झाडाकडून साखर घेतो. फक्त त्याची एक अडचण, ज्या यंत्रानं तो हे करतो ते ऑक्सिजन लागला की बिघडतं, आणि श्वासाला तर ऑक्सिजन पाहिजेच. म्हणून गाठीत एक लाल पदार्थ असतो जो ऑक्सिजन धरून ठेवतो आणि थोडा थोडा सोडतो. लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंदच, म्हणून रंग तसा. पोरीनं वहीत "मुळाचं रक्त" असं लिहिलं, मी खोडलं नाही, फक्त विचारलं की रक्त आपल्या अंगभर फिरतं, हे फिरतं का? मग तिनंच खाली "फिरत नाही" असं लिहिलं.

ह्याला साहित्य कुठलं जोडावं हे मला सुचत नव्हतं. मग माय म्हणली, तुरीच्या रानात दुसऱ्या साली जवारी चांगली येती, हे आम्हाला सासूनं सांगितलं. झालं की! छापलेलंच साहित्य लागतं असं थोडंच आहे. म्हणी, आहणे, जात्यावरच्या ओव्या, आजीचं बोलणं, सगळं चालतं, उलट लेकरांना ते तपासावंसं जास्त वाटतं कारण सांगणारी समोर बसलेली असते.

तशीच म्हण, पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती. शिंपल्यात स्वातीचा थेंब पडून मोती होतो ही कथा पोरांना माहीत होती, तर आधी ते मोडलं, मोती हे शिंपल्यातल्या जीवानं आत घुसलेल्या कशावर तरी थरावर थर चढवून केलेलं असतं, त्यात पावसाचा संबंध नाही. मग माणिक-मोती काय? स्वाती साधारण २४ ऑक्टोबरपासून सुरू होते, तेव्हा रानात रब्बीची ज्वारी उगवून आलेली असते, पाऊस परतून गेलेला, आणि पुढं तिला जमिनीत साठलेल्या ओलीवरच जगायचंय. त्यावेळी एक पाऊस मिळाला की कणसात मोतीच भरतात. आता पडली का नाही आणि किती पडली हे मोजायला आम्ही बाटलीचं पर्जन्यमापक केलं. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, बूड वाकडं असतं म्हणून तळाला खडे आणि थोडं पाणी घालून तिथं शून्याची रेघ मारायची, वर पट्टी चिकटवायची. मिलिमीटर म्हणजे काय हे आपल्या इकडं तर प्रत्येक लेकराला कळलंच पाहिजे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एकराला चार हजार लिटरच्या वर. २५ मिलिमीटर झाला की एका एकरावर लाखभर लिटर पाणी पडून गेलं. आमच्या पोरांनी उन्हाळ्यात टँकरमागं घागरी धरल्यात, त्यांना लाख लिटर म्हणजे किती टँकर हा हिशोब घालावाच लागला नाही, त्यांनीच केला. आणि मग साहजिक प्रश्न आला, मग ते गेलं कुठं?

त्याचं उत्तर अर्धं विहिरीत आहे आणि अर्धं मातीत. मातीचं सोपं आहे, बरणीत मूठभर काळी माती आणि पाणी, हलवून ठेवा, वाळू लगेच बसते, मग गाळ, आणि चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ करून बसलेली असते इतकी ती बारीक. ही चिकणमाती वहीच्या पानांसारखी थराथरांची असते, पाणी पानांच्या मधी शिरलं की फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. विहिरीत डोकावून बघायचं (कठड्याच्या बाहेरून, लेकराचा हात धरून, हे परत सांगायला लावू नका), वर माती, मग मुरूम, मग काळा कातळ, आणि मधी मधी भोकाभोकाचा मांजऱ्या खडक. ही भोकं म्हणजे लाव्हारसातले गॅसचे बुडबुडे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे लोट एकावर एक पसरले, त्याचाच हा कातळ, वेरूळची लेणी पण ह्याच खडकात कोरलेली. पाणी धरतो तो मुरूम, भेगा आणि मांजऱ्याचे काही थर, सलग कातळात काही शिरत नाही. शाळेनं एकदा "खडकांचे प्रकार" असा चार्ट आणायला सांगितला होता, मी दुकानातून वीस रुपयाचा छापील आणून दिला, मार्क पण पूर्ण मिळाले, आणि घरची विहीर शंभर फुटावर होती. ती माझी चूक, शाळेची नाही.

त्या विहिरीवरच वाकलेली एक बाभूळ आहे, तिच्यावर सुगरणीचे खोपे. आणि हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा वाद.

बहिणाबाई चौधरींची (१८८० ते १९५१) सुगरणीवरची कविता सगळ्यांना पाठ असते. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण नजर बघा, इवल्या चोचीनं पाखरू हे करतं आणि माणसा तुला तर दोन हात, दहा बोटं दिलीत, असं सुनावते. ते आम्ही खरंच करून बघितलं, ज्वारीच्या पानाच्या बारीक चिरफळ्या काढल्या आणि एकाच चिमट्यानं विणायला बसलो, एक गाठ. एक. अर्ध्या तासात कुणालाच जमली नाही, मला तर नाहीच.

मग जुलैत तीन रविवार विहिरीपासून लांब बसून नुसतं बघितलं. पोरीनं पहिल्याच दिवशी पकडलं की विणणारं पाखरू पिवळ्या डोक्याचं आहे, आणि भुरकं पाखरू येतं, आत डोकावतं आणि निघून जातं. पिवळा कोण? नर. कवितेत तर सुगरण पिलांसाठी खोपा बांधते. आता कोण खरं?

पक्षी अभ्यासक सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला अख्खा पावसाळा हेच बघत काढला. नर आधी अर्धाच खोपा विणतो, टोपीसारखा, मग पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येऊन तपासते. पसंत पडला तर नर नळीचं दार काढून पुरा करतो, नाही तर तो तसाच लोंबकळत राहतो. एक जमला की पठ्ठ्या दुसरा बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! अंडी उबवायचं काम मादीवर.

पोरगी धावत आजीकडं, "आजी, कवितेतलं चुकलंय, खोपा बाप्या बांधतो." माय ज्वारी निवडत होती, वर न बघता म्हणली, "बाईनं पसंत केल्याबिगर पुरा व्हतो का?" "नाही." "मग घर कुणाचं?" पोरीला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. कविता खोटी पडली असं मी तरी म्हणणार नाही, बहिणाबाईंना जे सांगायचं होतं ते माणसाच्या दहा बोटांबद्दल होतं, पण विज्ञानाचा पेपर लिहिताना "नर" लिहायचं हे पोरीला कळलंय.

वाचायचं काय असं विचारतात. मोठ्या लेकराला दुर्गा भागवतांचं ऋतुचक्र महिना महिना वाचून दाखवा, अख्खं नाही, त्या महिन्याचं पानभर. मारुती चितमपल्लींचे जंगलाचे लेख. भाषा जड वाटली तर वाटू द्या, अर्थ सांगत बसू नका, ऐकून झालं की तुला काय दिसलं एवढंच विचारा. पाच-सात मिनिटं पुरे होतात. वही साधी शंभर पानी, तारीख, ठिकाण, चित्र, दोन ओळी, शुद्धलेखन तपासायचं नाही. रोज केलं तर आठ दिवसांत बंद पडतं, आम्ही फक्त रविवारी करतो आणि पेरणीच्या सीझनला माझ्या दुकानामुळं तेही चुकतं.

सध्या काजव्यांचं चालूय. माय म्हणते सुगरण खोप्यात ओल्या मातीचे गोळे लावून त्यात काजवे चिकटवते, रात्री दिवा. जानेवारीत वाऱ्यानं खाली पडलेला खोपा आम्ही घरी आणून उघडला (झाडावरचा कधी काढायचा नाही), आत मातीचे वाळलेले गोळे खरंच होते! वाऱ्यात खोपा हेलकावू नये म्हणून वजन देत असावा, असं मानतात. काजवा एकही नव्हता. माय म्हणली जानेवारीत कुठला काजवा आसतोय, मेले नाहीतर उडून गेले. मुद्दा बरोबर आहे तिचा. त्यामुळं आता येत्या जुलैत अंधार पडल्यावर, बॅटरी न लावता, विहिरीपासून लांब बाज टाकून बसायचं ठरलंय, आणि मायनं तिची बाज द्यायला हो म्हणलंय, फक्त ती पण येणार म्हणते.